झटका मशीनची वॉरंटी

...नाई, मले सांगा, जो डबा उघडासाठीच बनवला, त्याले कोनी एम-सील लावते काय?

तुम्हाले सांगतो, धानोऱ्याजवळ आमच्या कमळामावशीचं धान लोंबीवर आलं, आणि रानडुकरं अशी येतेत जशी त्यांचीच पंगत बसली. म्हणून तिनं कुंपणाच्या तारेले लावाचं झटका मशीन घेतलं. डुक्कर शिवलं की चटका बसते, मरत नाई, पळते. कंपनीचं मशीन, सीलबंद. ते पडलं बंद. मी म्हणलं, उघडून तं पाहू. आत काळं डांबर ओतलेलं, पार्टच दिसेना. फोन केला तं तिकडून गोड आवाज, "सर, आपण उघडलंत का? मग वॉरंटी गेली."

मी पेटलो. जगात लोकं आपल्या मशीनचे नकाशे फुकट वाटून राह्यले, घ्या, बनवा, सुधरवा, आणि आपण डांबर पाहत बसाचं? तसाच एक नकाशा घेतला, चंद्रपूरच्या बाजारात भेटतेत तेच पार्ट लावले, झाकणाच्या आतून मराठीत नकाशा चिकटवला, त्याच्या बाजूले आतच जास्तीचा फ्यूज ठेवला. मावशीले म्हणलं, बंद पडलं तं कोनाची वाट पाहू नको, उघडून तं पाहा. मशीन तुहं, त्याचं पोट बी तुहंच.

चाललं ना. डुकरं पळाली.

पण बाजूच्या बांधीत, म्हणजे शेजारच्याच धानाच्या वावरात, धनराजभाऊ. त्यांच्या टीव्हीचा रिमोट अजून पन्नीत आहे. म्हणे, "काऊन गा, कोनीबी उघडन, कोनीबी बनवन, मंग त्याची किंमत काय राह्यली?" भाऊ, तेच तं त्याची किंमत! ते असे पाहत होते, जसा मी घराले दारच नको म्हणून राह्यलो.

मंग आला दसरा, अवजारांची पूजा, आणि मी चंद्रपूरले. मावशीनं नांगराच्या बाजूले माह्या मशीनले हळद-कुंकू वाह्यलं, आणि मानाची वस्तू उघडी कशी ठेवाची म्हणून धनराजभाऊनं चारही बाजूनं एम-सील मारलं. वरतून स्टिकर... 'उघडल्यास वॉरंटी रद्द'.

पुढच्याच हप्त्यात फ्यूज गेला. दुसरा फ्यूज कुठी? आत. नकाशा कुठी? तो बी आत.

बसमधून उतरलो तसा धावत गेलो. उघडून तं पाहू, म्हणलं. मावशीनं डबा पोटाशी धरलेला. "हात नको लावू बाबू, वॉरंटी जाते."

"कोनाची वॉरंटी, मावशी?"

"तुहीच ना. कंपनी तं तूच."

शेवटी मदत बी धनराजभाऊनंच केली. हातोडीनं. डबा उघडला, आतलं सर्किट बी उघडलं... दोन तुकडे.

मी म्हणलं, फिकर नको, नकाशा आहे, नवीन बनवतो. मावशी म्हणे, "तोपर्यंत डुकरं कोन हाकलन? आणि कंपनीसमोरच उघडलं तं वॉरंटी जाते काय?"

तं सध्या कंपनी मचाणावर बसून तेलाचा रिकामा पिपा वाजवून राह्यली. पिप्याले झाकण नाई, आत डांबर नाई, बिघडाले काही नाई, कोनीबी येऊन वाजवू शकते.

येऊन कोनी नाई राह्यलं, ते सोडा.