अठरा नंबरचा प्लॉट

जमीन विकसित करणाऱ्या कंपनीच्या कचेरीत शिवणक्लासवाल्या बाई दुसरा हप्ता भरायला बसल्या होत्या. पाठीमागच्या बाकावर कंपनीच्या एका एजंटाची आणि त्याच्या बहिणीची जुंपली होती.

"काल मी जागेवर जाऊन आले."

"एकटीच? मला सांगायचंस ना ताई, गाडी पाठवली असती."

"खाण आहे ती! दगडाची जुनी खाण, आणि काठोकाठ पाणी."

"नकाशात तलाव दाखवलाय की."

"माझा अठरा नंबर त्या तलावात आहे!"

"अगं, भराव टाकणार. चारशे लोकांचे पैसे एकत्र आले, की काम सुरू."

"म्हणजे पैसे आधी भरायचे, आणि जमीन मागून उगवणार?"

"भांडवल असंच उभं राहतं. आणि तुला काय तोशीस? तुला तर प्लॉट फुकट दिलाय."

"का दिलास ते आत्ता कळलं. माझ्या हाताखालच्या बावीस नर्सेसनी पैसे भरलेत. 'तुमच्या मेट्रननेसुद्धा घेतलाय,' असं सांगत फिरलास ना?"

"त्यात खोटं काय?"

"तीस वर्षं जपलेला माझा शब्द बाजारात विकलास, मेल्या!"

"हळू बोल, लोक ऐकताहेत."

"ऐकू देत की!"

शिवणक्लासवाल्या बाईंनी हप्त्याचे पैसे परत पर्समध्ये ठेवले. त्या मागे वळल्या.

"ताई, एकोणीस नंबर कुठे येतो हो?"

मेट्रनबाई उठून उभ्या राहिल्या.

"माझ्या शेजारी," त्या म्हणाल्या, आणि बाईंचा हात धरून थेट कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या केबिनकडे निघाल्या.

"ताई, अगं, त्यांची आधी वेळ घ्यावी लागते!" भाऊ मागून धावला.

"त्यांची वेळ आलीच आहे," म्हणत मेट्रनबाईंनी दार ढकललं.