चाळीस ब्रॅकेट उलटे झाले, ते माझ्यामुळे

माननीय अध्यक्ष मोठे साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले ड्रॉइंगवाले काका, काकू, आणि समोर बसलेली माझ्या कारखान्यातली सगळी मंडळी, तुम्हां सगळ्यांना नमस्कार.

पोरगी काकूंच्या मांडीवर आहे. रडली तर रडू दे, मी थांबणार नाही. थांबले तर परत तोंड उघडायची नाही.

मी सातवी शिकलेली. इथे पॅकिंगला लागले. जेवणाच्या सुट्टीत काकांच्या मागे उभी राहून बघायचे. कागदावर वस्तू समोरून, वरून, बाजूनं अशी सपाट काढलेली असते. त्यावरून काका कॉम्प्युटरमध्ये तिचं अख्खं मॉडेल उभं करायचे, गरागरा फिरवून दाखवायचे. एक दिवस म्हणाले, "मानेवर श्वास काय सोडतेस? बस इथं."

"काका, मला इंग्रजी येत नाही."

"लोखंडाला तरी कुठं येतं?"

हसा, हसा. पण शिकले मी.

गेल्या वर्षी नव्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं, त्याचं मॉडेल मी केलं. कागदाच्या कोपऱ्यात एक बारकी खूण असते. बाजूचं चित्र उजवीकडून बघून काढलंय की डावीकडून, ते ती सांगते. आपल्या नेहमीच्या कागदांवर एकच खूण, म्हणून मी बघितलीच नाही. पोरीला ताप होता. हे कारण म्हणून नाही, नुसतं सांगतेय. चाळीस ब्रॅकेट कापून झाले आणि मोटारीवर एक बसेल तर शपथ! उजवीकडची खाच डावीकडे.

साहेब ओरडत आले, "कुणाचं काम हे?"

काका खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "माझं. चष्मा बदलायला झालाय."

आणि मी? गप्प उभी. घरात कमावणारी मी एकटी, नोकरी गेली तर पोरीला काय घालू?

आत्ता साहेब भाषणात म्हणाले, काकांच्या तीस वर्षांत एकच डाग. साहेब, तो डाग माझा आहे. काका, मान हलवू नका, आज नाही ऐकायची मी.

सोमवारपासून काकांच्या खुर्चीवर डिग्रीवाले येणार आणि मी परत पॅकिंगला, असं कानावर आलंय. का? शिक्षण नाही म्हणून. त्या ब्रॅकेटनंतर माझं एक तरी मॉडेल चुकलं का? वेल्डरदादा, खाली काय बघताय, सांगा की!

ऐकलंत? नाही म्हणाले.

मला उठवायचं तर त्या चाळीस ब्रॅकेटपायी उठवा, मुकाट्यानं जाईन. सातवी पास म्हणून उठणार नाही.

काका, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. मला बोलू दिलंत, सगळ्यांची आभारी आहे. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पदरात घ्या. ब्रॅकेटचं मात्र घेऊ नका. काकांच्या फायलीतून तो ठपक्याचा कागद काढा आणि माझ्या फायलीत लावा.

माझी फाइल नसेल, तर आजच उघडा.