कुत्रं गप्प करायची रीत

(शुक्रवारी दुपारी, अमेरिकेच्या दक्षिणेत एडिस्टो नदीकाठच्या एका घराचं स्वयंपाकघर. कॉरिनच्या कडेवर तापलेलं बाळ. चर्चच्या मासे-जेवणासाठी भिजवलेलं मक्याचं पीठ न्यायला व्हर्डेल मावशी आली आहे.)

व्हर्डेल : सांगितलं होतं की नाही तुला? शेतापलीकडच्या त्या म्हाताऱ्या रॉइसचं कुत्रं दारात येऊन भुंकलं तर आधी जाऊन बघ म्हणून?

कॉरिन : सांगितलं होतंत. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना काळजीची हौसच असते. त्या दिवशी बाळाचा नुकताच डोळा लागला होता, मावशी.

व्हर्डेल : आणि त्या बीन कुत्र्याला खायला घातलंस.

कॉरिन : हशपपी, हेच मक्याच्या पिठाचे गोळे, तळतच होते मी. दोन गोळे फेकले, म्हटलं, हश, पपी! गप रे पिल्ला. त्यावरूनच नाव पडलंय ना? रॉइसआजोबांनीच सांगितलेलं. शत्रू जवळ आला की सैनिक कुत्र्यांपुढे हेच टाकायचे.

व्हर्डेल : मला त्याने कोळ्यांची गोष्ट सांगितली होती. माझ्या आजीच्या गोष्टीत पळून निघालेले गुलाम होते, आणि मागावर सोडलेली कुत्री.

कॉरिन : खरी कुठली?

व्हर्डेल : कोणास ठाऊक. कुत्रं मात्र सगळ्या गोष्टींत गप्प झालं.

कॉरिन : आमचंही झालं. खाऊन गेलं, परत आलं. पुन्हा दोन टाकले. असं चार तास. आणि आजोबा तिकडे त्यांच्या मागच्या पायरीशी पडलेले, खुबा मोडून.

व्हर्डेल : जगला ना? झालं तर मग.

कॉरिन : दवाखान्यातून आले तेव्हा म्हणाले, "पोरी, बीनची तक्रार आहे, कांदा कमी होता."

व्हर्डेल : मेला सुधारायचा नाही. पण तू का अशी? आरशात बघितलंस का तोंड?

कॉरिन : झोप कुठे आहे. बाळ रडलं तरी मी आधी शेतापलीकडचा कानोसा घेते.

व्हर्डेल : मग? आज तर सगळं शांत आहे.

कॉरिन : तेच. बीन रोज टपालवाल्यावर भुंकतो. आज टपालवाला येऊन गेला.

व्हर्डेल : फोन लावलास?

कॉरिन : तीनदा. उचलत नाहीत. गाडी नवऱ्याने नेलीय, आणि ह्या तापलेल्या लेकराला अशा उन्हात बाहेर कसं काढू?

व्हर्डेल : अगं, रॉइस झोपला असेल. दे ते पातेलं, तिकडे चर्चमध्ये तेल तापलंय.

कॉरिन : पातेलं राहू दे, मावशी. तुमची गाडी आजोबांच्याच वळणावरून जाते ना? दार वाजवत बसू नका, त्यांना ऐकू येत नाही. सरळ आत जा आणि बघा.