मान वाढते का हो कुणाची?

...नाही, पण तुम्हीच सांगा, मान वाढते का हो कुणाची चार दिवसांत? पोट वाढतं, मान्य. केस वाढतात, माझे सोडून सगळ्यांचे वाढतात. पण मान? आणि हे कुणाला पटवायचं, तर आमच्या भावोजींना, विठ्ठलरावांना! म्हणजे आमच्या शांताक्काचे यजमान. म्हैसुरात तीन पिढ्यांचं शिंपीकाम, आणि माणूस असा, की त्यांनी एकदा माप घेतलं की गिऱ्हाइकानं त्या मापात राहायचं, बदलायचं नाही!

तर त्यांच्या गगनला हेब्बाळच्या कंपनीत नोकरी लागली. पहिली नोकरी, टाय लावायचा, म्हणून बापानं स्वतः शर्ट शिवला. घालून बघतोय तर वरचं बटण लागेना! पोरगा म्हणतोय, "अप्पा, ओढू नका, गळा दुखतोय." हे म्हणतात, "तू गप्प ऱ्हा, माझ्या कटिंगमध्ये काहीतरी चुकलंय." उसवली कॉलर, पुन्हा शिवली. पुन्हा बटण लागेना! अय्यो, तो चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही... कात्रीला शिव्या, टेपला शिव्या, कापड आटलं म्हणून गिरणीच्या सात पिढ्यांना शिव्या. नवी टेप आणली, पुन्हा उसवली. आणि पोराला ताप आहे, घास गिळवत नाही, दिवसभर अंथरुणाला चिकटलाय, त्याचं काय? "आळस! नोकरी लागली ना, आता मस्ती आली!" अहो, पोरगा सुजलाय हे सगळ्या गल्लीला दिसतंय, बापाला फक्त कॉलर दिसतेय!

शेवटी अक्का कडाडली, "अहो, ती कॉलर घाला चुलीत! पोराच्या मानेला हात लावून बघा आधी!" लावला हात. आणि तुम्हाला सांगतो, तो हात तिथंच राहिला. जबड्याखाली, दोन्ही बाजूंना, मागं केसांपर्यंत... गाठी. हाताला लागतील अशा गाठी.

आता हसू नका. भावोजींचे थोरले भाऊ शंभूराव असेच गेले. गळ्यात एवढीशी गाठ. "सोडा हो, काय होत नाही," म्हणत राहिले, आणि दसऱ्याला आमच्या खांद्याला खांदा लावून हत्ती बघणारा माणूस पाडव्याला, उगादीला, नव्हता. भावोजी मशीनवर जाऊन बसले, पण पाय हलेना. मला म्हणाले, "तिरुमल... मान वाढते का रे कुणाची?"

मग माणसानं काय करावं? डॉक्टरकडं जावं की नाही? छे! डॉक्टरनं तोंडातून नाव काढलं तर ते खरं होईल ना! म्हणून ह्या शहाण्यानं कपाटातून आपल्या दाढदुखीच्या उरलेल्या आंटिबायोटिक गोळ्या काढल्या. "गळाच धरलाय, सुटेल यानं." सुटतोय! पोराच्या अंगावर गळ्यापासून पावलांपर्यंत लाल पुरळ उठलं. आमच्या शेजारी जुन्या रंगाऱ्यांचं घर आहे, त्यांच्या छापाच्या साडीवर असायची ना, तशी बारीक बुट्टी! आता अक्कानं कुणाला विचारलंच नाही. ऑटो बोलावली, पोराला घातलं, नवऱ्याला कोंबलं, मला मांडीवर... म्हणजे जवळजवळ मांडीवरच.

डॉक्टर चैत्रा म्हणून तरुण बाई. बॅटरी घेऊन घसा बघितला, मान चाचपली, पोराला आडवा करून डाव्या बरगडीखाली बोटं दाबली. आणि विचारलं, "ह्या गोळ्या कुणी दिल्या?" भावोजी पंख्याकडं बघायला लागले. ती म्हणते, "हेदरबेडी. घाबरू नका. मला हे वेगळंच काही वाटतंय, पण रक्त तपासू." आता मला सांगा, डॉक्टर घाबरू नका म्हणाली, की माणूस आणखी दुसरं काय करणार? भावोजी म्हणाले, "अम्मा, मी शिंपी आहे, मला मापं कळतात. मान वाढते का कुणाची उगीच?"

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. तोवर हा माणूस जेवला नाही. दुकानातल्या सगळ्या टेपा गोळा करून कपाटात कोंडल्या. देव्हाऱ्यापुढं बसून बोलत होते, मी दारातून ऐकलं... "विठ्ठला, शंभूला नेलंस, काय बोललो नाही. आता न्यायचंच तर मला ने. पोराला हात लावू नकोस." मी उगीच चपला नीट लावत बसलो.

रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाली, "ते नाही." ते म्हणजे काय, कुणी विचारलं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं. "हा मोनोन्यूक्लिओसिस. विषाणू आहे. गाठी त्यानंच सुजल्यात, ओसरतील. आंटिबायोटिकचा उपयोग नाही, उलट ह्या आजारात त्या गोळीनं असं पुरळ पुष्कळांना उठतं. विश्रांती, भरपूर पाणी, तापाला पॅरासिटामॉल, बस्स." अक्कानं विचारलं, "पण आला कुठून?" "लाळेतून. उष्टा पेला, उष्टा चमचा... चुंबनाचा आजारसुद्धा म्हणतात याला." पुरळ असूनसुद्धा पोरगा त्याच्यावर लाल झाला. म्हणाला, "हॉस्टेलात आमची पाण्याची बाटली एकच होती." अक्का म्हणाली, "हौदा? असं का? आणि त्या बाटलीचं नाव काय रे?"

पण भावोजींचं लक्ष कुठं होतं? डॉक्टर सांगत होती, "डाव्या बरगडीखालची प्लीहा वाढलीय. मी सांगेपर्यंत क्रिकेट, कबड्डी, वजन उचलणं बंद. धक्का लागला तर फुटू शकते. क्वचितच, पण डाव्या कुशीत एकदम दुखलं, चक्कर आली, श्वास अडला, तर थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा." संपलं! त्या क्वचितनं माणसाची झोप उडवली. ऐन उन्हाळ्यात पोराला कापूस भरलेली जाड बंडी शिवून घातली! ऑटोवाल्याला, "अप्पा, खड्डा आला की आधी सांग." आणि आमच्या देवळात भजन संपलं की सगळे एकमेकांना उराउरी भेटतात, पिढ्यानुपिढ्यांची पद्धत. हे गगनपुढं कापड मोजायची गजपट्टी आडवी धरून उभे! ऐंशी वर्षांचे महादेवराव हात पसरून आले, तर ओरडले, "लांबूनच! पोराची प्लीहा आहे!" म्हातारा बिचारा खांबाला भेटून गेला.

हळूहळू ताप गेला, गाठी वितळल्या. कंपनीनं रुजू व्हायची तारीख पुढची दिली. आणि परवा डॉक्टरनं पोट तपासून सांगितलं, "आता खेळ, पळ, काही भीती नाही." तुम्हाला सांगतो, एवढा कडक माणूस, दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडला. मी म्हटलं, बरं झालं, एकदाची सुटली भीती!

कसली सुटते? डोळे पुसून परत आत गेले. "अम्मा, म्हणजे तो विषाणू गेला ना अंगातून?" ती बाई खरं बोलणारी. म्हणाली, "तसा जात नाही हो. जन्मभर गुपचूप राहतो, सहसा त्रास देत नाही. बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात असतोच. माझ्यात असेल, तुमच्यात असेल."

घरी आलो. अक्का दारातच उभी, "काय म्हणाल्या?" भावोजींनी पिशवी खाली ठेवली, माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांकडं बघितलं, आणि म्हणाले, "पोरगा सुटला गं. आता आपण सगळे राहिलो."