मागे गेलेली तारीख

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक आजी होत्या. त्यांनी पिशवीतून टीव्हीला जोडायचा मीडिया प्लेअर काढला.

"गावाहून आल्यापासून याला इंटरनेटच लागत नाही. नातीचे व्हिडिओ बंद!"

दुकानदाराने तो दुकानातल्या टीव्हीला जोडला. "जाताना प्लग काढला होतात, आजी?"

"घरातले सगळे काढते. फ्रिजचासुद्धा."

"तरीच! वीज तुटल्यामुळे याची तारीख दहा वर्षं मागे गेलीय. तारीख चुकली की नेट याला दारातच अडवतं. थांबा, आजची टाकतो... लागलं बघा."

"अगंबाई, दिसली की नात! आणि मी चार दिवस मनातल्या मनात सुनेला फैलावर घेतेय, पुसताना बिघडवला म्हणून."

"मग सूनबाईंना सांगा, त्यांची चूक नव्हती."

"छे रे! चूक होती हे तरी तिला कुठं सांगितलंय? सुटले बाई!"