टर्बो गेला म्हणे

दिघीला फेरीबोटीच्या रांगेत कुमुदच्या रिक्षाशेजारी एक लाल गाडी थांबली. काचा खाली होत्या. आत मामा-भाची.

"क्षिप्रा, अख्खा घाट तिसऱ्या गिअरवर चढली गं."

"चढणारच, मामा. टर्बो ठणठणीत होता."

"तीन गॅरेजवाल्यांनी मोडीत काढलेला."

"हवा मोजणारा सेन्सर तेलानं बरबटला होता. त्याला हवा कमी दिसायची, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर टर्बोचा जोर वाढूच द्यायचा नाही. मी सेन्सर धुतला."

"तिघांनाही आत्ता फोन लावतो."

"लावा. पण एअर फिल्टरला तेल कुणी चोपडलं होतं?"

"मी. धुतल्यावर तेल लावायचंच असतं."

"कुठलं?"

"आपल्या वाडीचं. घाण्यावरचं."

"खोबरेल?"

कुमुदनं तोंडाला पदर लावला.

"फोन लावतोच. माझ्या भाचीनं शोधलं म्हणून सांगतो. तेलाचं विचारलं, तर रेंज गेली."