कामाऊची शिकवणी

पार्ल्याच्या रेशनच्या रांगेत माझ्या पुढे दोघी उभ्या होत्या.

"मृणालिनी, तुमच्याकडे राहणारा तो केनियाचा मुलगा परत गेला का गं?"

"कामाऊ? तो कशाला जातोय? बी.एस्सी. झाला परवा."

"पण घरून पैसे यायचे बंद झाले होते ना त्याचे?"

"हो. तिकडे गोऱ्या सरकारनं धरपकड केली, त्यात वडील तुरुंगात गेले. कॉलेजची फी अडली. आम्ही बायकांनी वर्गणी काढली, तर घेईना. म्हणाला, फुकटचं नको."

"मग?"

"मग म्हटलं, आम्हांला इंग्रजी शिकव. दर रविवारी दुपारी अकरा जणी बसायचो. दोन वर्षांची फी त्यातून भरली."

"आणि शिकलीस का काही?"

"परवा इंग्रजी पेपरात निकाल आला. यांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं. म्हणाले, नंबर नाही त्याचा."

"अगं बाई."

"मी पेपर ओढून घेतला. हे पास क्लासात शोधत होते. नंबर वर होता, फर्स्ट क्लासात. मी मोठ्यानं वाचून दाखवला."

"मिस्टर काय म्हणाले?"

"उठले आणि माझ्यासाठी नि कामाऊसाठी चहा ठेवला."